बावनमास्तरांचे इंग्रजी

वर्गातला विद्यार्थी इंग्रजी बोलायला उभा राहिला की बावनमास्तर त्याच्याकडे पाठ फिरवीत. खुर्ची उचलून भिंतीकडे वळवायची, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवायचे आणि म्हणायचे, "बोल आता. मी तुले पाहून नाई राहिलो." अमरावतीच्या त्या वर्गात मी पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा मला हा प्रकार अपमानाचा वाटला. समोर एका गोऱ्या माणसाची लालभडक मान, तिच्यावर उन्हाने सोललेली कातडी, आणि मी त्या मानेशी बोलायचे. पण बोललो. आणि बोलून झाल्यावर लक्षात आले की एवढे इंग्रजी मी आजवर कधीच बोललो नव्हतो.

गोरा माणूस समोर आला की जोडे काढायचे, मान खाली घालायची आणि विचारले तेवढ्यालाच 'जी' म्हणायचे, हे आमच्या अंगात लहानपणापासून मुरले होते. तेच मुरलेले अंग घेऊन आम्ही इंग्रजी बोलायला उभे राहत होतो, म्हणून जीभ टाळूला चिकटत होती. मास्तरांनी आपला चेहराच बाजूला काढून घेतला. दोन-तीन महिने गेले की ते खुर्ची थोडी तिरपी ठेवीत. मग एक कान दिसे, मग अर्धा गाल. आणि एके दिवशी मुलाच्या ध्यानात येई की मास्तर कधीचेच समोरासमोर बसलेले आहेत आणि आपण त्यांच्या डोळ्यांत पाहून बोलतो आहोत.

त्यांचे खरे आडनाव बेवन. अमरावतीकरांनी त्याचे बावन केले, आणि मास्तरांनीही ते कधी दुरुस्त केले नाही. विलायतेच्या पश्चिमेला वेल्स म्हणून डोंगराळ मुलूख आहे, तिथले ते. रेल्वेच्या मोजणीवाल्यांबरोबर कारकून होऊन वऱ्हाडात आले, त्यांचे आणि वरिष्ठांचे पटले नाही, आणि शाळाखात्याला वरच्या वर्गासाठी इंग्रजी शिकवणारा हवा होता म्हणून ते मास्तर झाले. वर्ग म्हणजे आम्ही सारे मिसरूड फुटलेले, निम्मे लग्न झालेले. मुंबईच्या युनिव्हर्सिटीची प्रवेशपरीक्षा द्यायची आणि पुढे तिथल्या कॉलेजात जायचे, यासाठी तो वर्ग काढलेला होता. वऱ्हाडातून तोवर कोणी तिथवर गेल्याचे आमच्या ऐकिवात नव्हते.

मास्तर मराठी शिकले ते त्यांच्याकडे भाकऱ्या थापणाऱ्या बाईकडून, त्यामुळे त्यांचे मराठी म्हणजे अस्सल वऱ्हाडी, तेही लिंगवचनाचा गोंधळ करून. "काऊन रे, तुले तोंड नाई दिला काय देवानं?" असे त्या निळ्या डोळ्यांच्या माणसाच्या तोंडून ऐकले की नवा मुलगा हसू आवरता आवरता घुसमटे. त्यांचा सगळ्यात आवडता शब्द 'पुरं'. कोणी अर्धवट इंग्रजी बोलून थांबला की ते भिंतीकडे पाहतच म्हणत, "पुरं बोल." उत्तर 'येस' किंवा 'नो' चालत नसे. "हो म्हन्ते तो नौकर. पुरं बोलते तो मानूस. मले नौकर नाई शिकवाचे." उन्हाळ्यात डोक्यावर ओला पंचा टाकून, तो वाळला की पुन्हा माठाखाली धरून, ते दिवसभर हे एकच सांगत.

आम्ही त्यांना एकदा विचारले की मास्तर, तुम्ही कोणाला छडी का मारत नाही. त्या काळी हा प्रश्न साहजिकच होता. तेव्हा त्यांनी जे सांगितले ते आमच्यातल्या कोणालाच माहीत नव्हते. इंग्रजी ही त्यांची मायबोली नव्हती. त्यांच्या घरी, त्यांच्या गावात निराळीच भाषा बोलत. शाळेत जो मुलगा ती भाषा बोलताना सापडे, त्याच्या गळ्यात लाकडाची फळी अडकवत. दुसरा सापडला की फळी त्याच्या गळ्यात जाई, आणि शाळा सुटताना ज्याच्या गळ्यात ती असेल त्याला मार. "मले आईची याद आली का मी तिच्या भाषेत रडो," मास्तर म्हणाले. "मंग फळी माया गळ्यात. असा आला मले इंग्रजी." त्यांनी हे अगदी साध्या आवाजात सांगितले आणि लगेच पुढचा धडा घ्यायला लावला. ज्याला इंग्रजी असे मिळाले, तो घरापासून समुद्रापलीकडे येऊन आम्हाला ते मारावाचून देत होता.

ते दिवस कापसाचे होते. अमेरिकेत लढाई लागली, तिकडचा कापूस विलायतेला जायचा थांबला, आणि विलायतेच्या गिरण्यांची नजर आमच्या काळ्या मातीवर पडली. अमरावतीच्या बाजारात गाड्यांची रीघ लागे. ज्याने कधी चांदीचा तोडा पाहिला नव्हता त्याच्या बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या आल्या. मुंबईच्या पेढ्यांचे गोरे एजंट घोड्यावरून फिरू लागले, आणि प्रत्येकाला इंग्रजी जाणणारा कारकून हवा होता. आमच्या वर्गातून एकेक जण उठून जाऊ लागला. शाळाखात्याच्या मोठ्या साहेबाला याचा आनंद झाला. तो वर्ग पाहायला आला, सोबत एक पुणेरी डेप्युटी होता, आणि साहेबाने सांगितले की या मुलांना कविता आणि इतिहास कशाला हवा, यांना कापसाची गाठ, वजन, भाव, आवक, जावक एवढे इंग्रजी शिकवा, सहा महिन्यांत पेढीवर बसतील.

मास्तरांनी आदराने उत्तर दिले, पण ऐकून घेतले नाही. "ही मुले युनिव्हर्सिटीसाठी आली आहेत," ते इंग्रजीत म्हणाले. "यांना कापूस मोजायला शिकवण्यासाठी माझी गरज नाही. कापूस यांच्या बापांनी पिकवला आहे." पुणेरी डेप्युटी साहेबाच्या आधी रागावला. बाहेर पडताना तो आम्हाला शुद्ध मराठीत म्हणाला, "तुमचा हा मास्तर तुम्हाला धड कुठलेच ठेवणार नाही." मला त्याचे वाक्य अजून आठवते, कारण त्याचा स्वर असा होता की जणू आम्ही त्याच्या घरचे काही चोरायला निघालो होतो.

आता गणपतबद्दल सांगायला हवे. गणपत अकोल्याचा, माळ्याचा मुलगा. मोर्णा नदीच्या काठी, जुन्या शहराला लागून त्यांचा मळा होता. वांगी, मिरच्या, कांदे, आणि तुळशीरामबाबांनी, म्हणजे गणपतच्या वडिलांनी, हौसेने लावलेली पेरूची झाडे. वर्गात तो सगळ्यात लाजाळू. मास्तरांची खुर्ची त्याच्यासाठी इतरांपेक्षा फार उशिरा वळली. पण एकदा वळल्यावर तो असे नेमके, शांत इंग्रजी बोलू लागला की मास्तर डोळे मिटून ऐकत. तो परीक्षेत पहिला येणार, याबद्दल आमच्यात वाद नव्हता. आमच्या ब्राह्मण पालकांपैकी काहींना हे खुपे. माळ्याचे पोर पुढे बसते म्हणून एकाने मुलगा वर्गातून काढला, तेव्हा मास्तर एवढेच म्हणाले, "बरं झालं. बाक खाली झाला. आता गणपत पाय पसरून बसन."

परीक्षेला थोडे दिवस उरले होते तेव्हा सुटीत गणपत घरी गेला. मीही माझ्या काकांकडे अकोल्याला गेलो होतो. काका वकील, जुन्या शहरातले बडे प्रस्थ. त्या वर्षी तुळशीरामबाबांनी सगळ्यांसारखे केले, अर्धा मळा मोडून कापूस लावला, आणि पहिल्या वेचणीची गाडी बाजारात आणली. गणपत बरोबर होता. मी त्या सकाळी बाजारातच होतो, त्यामुळे पुढचे मी ऐकीव सांगत नाही.

एका पेढीचा गोरा एजंट घोड्यावरून उतरला, गाडीपाशी आला, कापसाला हातही न लावता आपल्या मुनिमाला इंग्रजीत म्हणाला की या म्हाताऱ्या चोराने कापसात पाणी मारले आहे, याला अर्ध्या भावाने घे. मुनीम तुळशीरामबाबांना हे गोड शब्दांत सांगायला वळला. त्याच्या आधी गणपत बोलला. पायात जोडे, डोक्याला पागोटे, आवाज वर्गात असे तेवढाच. "यू आर मिस्टेकन, सर." आपली चूक होते आहे, साहेब. आणि मास्तरांचा विद्यार्थी म्हणून त्याने वाक्य पुरे केले, की कापूस कोरडा आहे, कृपा करून हात घालून पाहा.

एजंट क्षणभर समजलाच नाही. गाडीवाला इंग्रजी बोलतो हे त्याच्या डोक्यात शिरत नव्हते. मग शिरले. त्याने घोड्याचा चाबूक उचलला आणि गणपतच्या तोंडावर मारला. कानापासून हनुवटीपर्यंत रेघ उठली. गणपत जागचा हलला नाही. त्याने तेच वाक्य पुन्हा म्हटले, तितक्याच हळू. दुसरा चाबूक मानेवर बसला, तिसरा खांद्यावर. बाजार भरलेला होता. शेकडो माणसे होती, त्यांतली निम्मी कमरेला कोयता लावलेली, आणि एकही पुढे झाला नाही. तुळशीरामबाबा मध्ये पडले तेव्हा कुठे हात थांबला. पोलिसाने पकडले कोणाला, तर गणपतला.

मी अमरावतीला सांगावा धाडला आणि मास्तर मूर्तिजापूरच्या वाटेने छकड्यात बसून अकोल्याला आले. काकांनी त्यांना ओट्यावर बसवले, घरात घेतले नाही. पाणीही वेगळ्या लोट्यातून दिले. मास्तरांनी ते पाहिले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "पोरगा कोठी हाये?"

खटला कचेरीत उभा राहिला. आरोप असा की गणपतने साहेबाला इंग्रजीत घाणेरडी शिवी दिली आणि दंगा होईल असे वर्तन केले. एजंटाने शपथेवर सांगितले की ती शिवी इतकी वाईट होती की ती मी इथे उच्चारू शकत नाही. बाजारातले साक्षीदार खरे तेच बोलले, की पोरगा इंग्रजीत काहीतरी म्हणाला, आम्हाला कळले नाही. मी ऐकले होते, तेही सांगितले, तर मी आरोपीचा वर्गमित्र म्हणून माझी साक्ष बाजूला ठेवली. उरला पेढीचा मुनीम. त्याला इंग्रजी उत्तम येत होते. तो म्हणाला, "गलबला होता, ऐकू आले नाही," आणि खाली पाहत राहिला.

मग मास्तर उभे राहिले. मॅजिस्ट्रेट त्यांना म्हणाला की तुम्ही तर बाजारात नव्हता. मास्तर म्हणाले, "नव्हतो. पण या मुलाने इंग्रजी कुठे ऐकले हे मला ठाऊक आहे. माझ्या वर्गाबाहेर त्याने ते कधी ऐकलेले नाही. त्याच्या तोंडातला एकेक इंग्रजी शब्द मी दिलेला आहे. मी शिवी शिकवलेली नाही. त्याला शिवी द्यायची असती तर आधी ती माझ्याकडे मागावी लागली असती."

कचेरीत हसू पिकले. मॅजिस्ट्रेटही हसला आणि गणपतला म्हणाला, "तू काय म्हणालास ते मला सांग." गणपतने सांगितले. चेहऱ्यावरचा वळ सुजून एक डोळा मिटला होता, पण वाक्य स्वच्छ आले. मॅजिस्ट्रेटने एजंटाकडे पाहिले. "हेच शब्द होते का?" आणि त्या गृहस्थाचा तोल गेला. "शब्द हेच," तो ओरडला, "पण कसे बोलला ते पाहा. जोडे घालून, माझ्या डोळ्यांत पाहून, हमालांच्या देखत."

म्हणजे शपथेवर सांगितलेली शिवी नव्हतीच. गणपत शपथेवर असे खोटे बोलला असता तर त्याला सक्तमजुरी झाली असती. एजंटाला कोणी काही विचारले नाही. मॅजिस्ट्रेटने निकाल दिला की शब्द आक्षेपार्ह नसले तरी बोलण्याची रीत अपमानकारक होती, म्हणून आरोपीने भर बाजारात, त्याच जागी, इंग्रजीत साहेबाची माफी मागावी, नाहीतर महिनाभर कैद भोगावी. चाबकाबद्दल निकालात अवाक्षर नव्हते. मास्तर पुन्हा उभे राहिले आणि म्हणाले, "ते वाक्य माझे आहे. ते म्हणणे गुन्हा असेल तर कैद मला द्या." मॅजिस्ट्रेटने त्यांना बसायला सांगितले.

कचेरीबाहेर कडुनिंबाखाली आम्ही थांबलो होतो. विचार करायला गणपतला थोडा वेळ दिला होता. माझे काका आणि आणखी दोन-तीन प्रतिष्ठित मंडळी तिथे आली. इतका वेळ ती कचेरीत मागच्या भिंतीला टेकून गप्प उभी होती. आता मात्र सगळ्यांना वाचा फुटली. परीक्षा बुडेल, नाव खराब होईल, पुढे सगळ्याच मुलांना साहेब लोक वाईट नजरेने पाहतील. काका म्हणाले, "अरे, इंग्रजी शिकायचे ते नोकरीसाठी. तोंड वर करायला नव्हे. दोन शब्द म्हणून टाक आणि मोकळा हो." आज मी त्या एजंटाला विसरू शकतो. तो आपल्या स्वभावाप्रमाणे वागला. पण त्या झाडाखाली शहाणपण सांगणारे आमचे लोक आठवले की माझे डोके अजून तापते. मुलाच्या तोंडावरचा वळ त्यांना दिसत नव्हता. त्यांना त्याच्या पायातले जोडे दिसत होते.

तुळशीरामबाबा मास्तरांना म्हणाले, "अजी मास्तर, तुमी सांगा. माया डोक्शात काई येऊन नाई राहिलं."

मास्तर गणपतजवळ गेले. ते म्हणाले, "गणपत, वाक्य माया होता. मीच दिला तुले. तू त्याच्यासाठी कैदेत काऊन जातं? जाय, माग माफी. परीक्षा दे."

गणपतने मान हलवली. मास्तरांशी तो कधी वाद घालत नसे. "नाई मास्तर," तो म्हणाला. "तुमी शब्द देल्ले. बोललो मी. ते वाक्य मायं हाये." आणि तो आपणहून पोलिसाकडे चालत गेला. मास्तर झाडाकडे तोंड करून रडले. मी त्यांना त्याआधी आणि त्यानंतर कधी रडताना पाहिले नाही.

गणपत कैदेत असतानाच मुंबईला परीक्षा झाली. मी दिली, पास झालो. त्याचा मला जो आनंद व्हायला हवा होता तो झाला नाही. अमरावतीत शाळाखात्याच्या साहेबाने बावनमास्तरांना बोलावून सांगितले की तुम्ही तुमच्याच जातीच्या माणसाविरुद्ध नेटिवाची बाजू घेतलीत, तुमची आम्हाला गरज नाही. मास्तर बाहेर आले आणि वर्गाला निरोप द्यायला उभे राहिले. त्यांच्या तोंडचे इंग्रजी नेहमीसारखे पुरे होते, पण मध्येच ते वऱ्हाडीवर आले. "मले काढलं म्हून तुमी शिकनं सोडसान तं मी येऊन कान उपटीन," ते म्हणाले. त्यांच्या जागी आलेल्या माणसाने पहिल्याच दिवशी गाठ, वजन, भाव शिकवायला घेतले.

गणपत सुटून आला तेव्हा त्याने पुढच्या वर्षी परीक्षेला बसायचे ठरवले. त्यासाठी शाळेच्या प्रमुखाने चांगल्या वर्तणुकीचा दाखला द्यावा लागे. नव्या प्रमुखाने दिला नाही. कैदेत जाऊन आलेल्याला तो कसा द्यायचा, असे म्हणाला. सगळ्या वर्गात ज्याचे इंग्रजी उत्तम, त्याच्यासाठी युनिव्हर्सिटीचे दार असे बंद झाले, आणि मी, जो त्याच्या पासंगालाही पुरत नव्हतो, कॉलेजात गेलो. तिथे मोठमोठे प्रोफेसर होते. त्यांचे मी वाईट म्हणणार नाही. पण तिथे उत्तर देताना आम्ही सारे खाली पाहून देत असू आणि कोणालाही त्यात काही वावगे दिसत नसे.

बावनमास्तर परत मायदेशी गेले नाहीत. जायला हवे होते, असे सगळे म्हणत. अकोल्यात मोर्णेकाठी त्यांनी एक खोली घेतली आणि तुळशीरामबाबांच्या मळ्यात जाऊन बसू लागले. पहिल्याच दिवशी मोडलेल्या अर्ध्या मळ्याकडे पाहून त्यांनी विचारले, "पेरू कापले? काऊन?" बाबा म्हणाले, "कापसाचा भाव आला होता न मास्तर." मास्तर म्हणाले, "भाव जाईन. पेरू कोठून आनसान?" आणि तसेच झाले. अमेरिकेतली लढाई संपली, भाव कोसळला, चांदीच्या शेंब्या विकायला निघाल्या आणि एजंट आले तसे निघून गेले. तुळशीरामबाबांनी पेरूची कलमे पुन्हा लावली, पण त्या वर्षी घरात फार ओढाताण झाली.

त्या मळ्यात मास्तर गणपतला आणि आणखी तीन-चार माळ्या-कुणब्यांच्या तरुणांना शिकवत. परीक्षा नव्हती, दाखला नव्हता, पुढे नोकरीही नव्हती. कॉलेजच्या सुटीत मी गेलो तेव्हा गणपत मिरच्यांना पाणी देता देता एका इंग्रजी निबंधावर मास्तरांशी वाद घालत होता, आणि वाद असा होता की आमच्या प्रोफेसरांनी कान टवकारले असते. बाजारात मात्र एक फरक पडला होता. मागे राहिलेले एजंट गणपत दिसला की आवाज खाली आणीत. शेतकऱ्याच्या तोंडावर त्याच्याविषयी इंग्रजीत वाटेल ते बोलण्याची सोय राहिली नव्हती. कितीतरी गाडीवाले त्याला हात धरून घेऊन जात, "चाल गा गणपत, काय म्हनते हा, सांग," म्हणत. मास्तरांना हे सांगितले की ते खूश होत, पण लगेच त्यांचा चेहरा उतरे. एकदा ते मला इंग्रजीत म्हणाले, "हे चांगलेच आहे. पण तो याहून मोठ्या कामाचा होता. ते त्यांनी होऊ दिले नाही. तू हे विसरू नकोस." त्यांनी मला दिलेला तेवढा एकच हुकूम. मी हे लिहितो आहे ते त्यामुळेच.

त्यानंतरच्या पावसाळ्यात त्यांना ताप आला. गोऱ्यांच्या दवाखान्यात नेले असते तर कदाचित वाचले असते, पण त्यांनी जायचे नाकारले. गणपत आणि त्याची आई आळीपाळीने त्यांच्याजवळ बसत. शेवटच्या दिवसांत ते इंग्रजीही बोलत नव्हते, वऱ्हाडीही नाही. आपल्या आईची भाषा बोलत होते. गणपतला त्यातले एक अक्षर कळत नव्हते, तरी तो हातात हात घेऊन 'हो मास्तर, हो मास्तर' म्हणत होता. दुपारच्या वेळी ते गेले.

मी पोचलो तेव्हा गोऱ्यांच्या कबरस्तानात खड्डा खणून तयार होता. पाद्री दौऱ्यावर होता. पेटी गणपतने, मी आणि मळ्यातल्या मुलांनी खांद्यावर आणली. तिथे एक मोठा गोरा अंमलदार आलेला पाहून मला नवल वाटले. त्याच्यामागे माझे काका आणि तीच सगळी प्रतिष्ठित मंडळी पांढऱ्या अंगरख्यांत उभी होती. मास्तर जिवंत असताना यांतला एकही त्यांच्या खोलीची पायरी चढला नव्हता. साहेब येणार हे कळल्यावर मात्र सगळे आले.

अंमलदाराने टोपी काढली आणि चार शब्द बोलला. म्हणाला की मयत माणूस मनाने चांगला होता, पण परमुलखात एकटा राहिल्याने त्याची विवेकबुद्धी ढळली आणि त्याने आपल्या लोकांशी नाते तोडले. आपण त्याला क्षमा करू या. काकांनी मान डोलावली. तसे सगळ्यांनीच डोलावली. मग अंमलदार माझ्याकडे वळून म्हणाला, "तू कॉलेजातला ना? या लोकांना हे त्यांच्या भाषेत सांग."

गणपत पुढे सरसावला होता. तुळशीरामबाबांनी त्याचा दंड धरून त्याला मागे घेतले आणि मला विचारले, "काय म्हनते हा?"

मी सांगितले. एकही शब्द गाळला नाही. मळ्यातली माणसे ऐकत राहिली. बाबांनी खांद्यावरचे उपरणे काढून कमरेला बांधले, कडेला पडलेले खोरे उचलले आणि अंमलदाराकडे सरळ पाहत मला म्हणाले, "त्याले सांग, हा आमचा मानूस हाये. याले माती आमी देतो. तू जाय घरी."

काकांनी माझी बाही ओढली. "काहीतरी गोड सांग," ते पुटपुटले. माझी शिष्यवृत्ती त्या अंमलदाराच्या सहीवर चालत होती हे त्यांना ठाऊक होते, आणि मलाही. ती पुढल्याच महिन्यात बंद झाली.

मी अंमलदाराच्या डोळ्यांत पाहिले आणि म्हाताऱ्याचे बोलणे इंग्रजीत पुरे सांगितले. इंग्रजीत 'तू' आणि 'तुम्ही' यांना एकच शब्द आहे. बाबांचा एकेरी 'तू' त्यात पोचवायची काही सोय नव्हती. म्हणून वाक्याच्या शेवटी मी 'सर' म्हटले नाही.